आंतरराष्ट्रीय कलासाहाय्य आणि गोमंतकाची शब्दकला

कलेला आश्रय लागतो, हे सांगण्यासाठी कोणा पंडिताची साक्ष काढण्याचे कारण नाही. आपल्या वाङ्मयाच्या आणि कलांच्या इतिहासात ह्या आश्रयाची तीन रूपे ठळकपणे दिसतात: राजाश्रय, देवस्थानाचा आश्रय आणि लोकाश्रय. राजाला आपल्या कीर्तीचे गायन हवे असे, देवस्थानाला सेवेचा नेम हवा असे आणि लोकांना रस हवा असे. आश्रयदाता पालटला की कलेची कसोटीही पालटते, हा ह्या इतिहासाचा धडा होय. गेल्या पाऊणशे वर्षांत ह्या तिघांच्या शेजारी एक चौथा आश्रयदाता येऊन बसला आहे. तो म्हणजे अनुदान देणारी संस्था. तिच्याही पुढची पायरी म्हणजे दोन किंवा अधिक देशांच्या कलावंतांनी मिळून काही करावे आणि त्याचा खर्च कोणा प्रतिष्ठानाने अथवा शासनाने सोसावा, ही आजची पद्धत. ह्या चौथ्या आश्रयदात्याला कलेकडून नेमके काय हवे असते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारलेला नाही. गोमंतकाच्या, त्यातही पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांच्या अनुभवाच्या आधारे तो विचारावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय कलासाहाय्य डोळ्यांना दिसणाऱ्या आणि भाषा न समजताही कानांना गोड लागणाऱ्या कलांकडे सहज वळते. जी कला मुख्यतः भाषेत राहते तिच्यापर्यंत ते उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. हे कोणाच्या दुष्ट हेतूने घडते असे नाही. पण ज्या प्रदेशाची सारी कलासंपत्ती शब्दांत साठलेली आहे, त्या प्रदेशाला ह्या व्यवहारात कायमचे पंक्तीच्या शेवटी बसावे लागते. आमच्या मते पेडणे आणि डिचोली हे असे प्रदेश आहेत.

ह्या साहाय्याची व्यवस्था आधी पाहू. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९५० साली, मौलाना आझाद ह्यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. परदेशांत भारतीय कलापथके पाठविणे आणि तिकडील पथके येथे आणणे हे तिच्या कार्याचे एक मोठे अंग आहे. परदेशांतील भारत महोत्सव आणि तेथील मैत्रीसंघ ह्यांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचीही योजना आहे. परदेशी संस्थांपैकी गोमंतकाशी विशेष संबंध आला तो लिस्बनच्या दोन प्रतिष्ठानांचा. आर्मेनियन तेलव्यापारी कालुश्त गुल्बेंकियान १९५५ साली निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान उभे राहिले. दुसरे प्रतिष्ठान फुंदासांव ओरिएंत हे १९८८ साली स्थापन झाले आणि त्याच्या मूळ निधीचा संबंध मकावमधील द्यूतगृहांच्या परवान्याशी होता. पैशाचा उगम कुठेही असो, तो कलेकडे वळला हे बरेच झाले. ह्या दुसऱ्या प्रतिष्ठानाचे कार्यालय १९९५ पासून पणजीच्या फोंतायन्यश भागात आहे.

ह्या संस्थांनी गोमंतकात जे केले त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. गुल्बेंकियान प्रतिष्ठानाच्या आणि भारतातील वारसा-संरक्षक संस्थेच्या साहाय्याने १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले; २००२ साली ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. हस्तिदंतावर, लाकडावर आणि चांदीवर गोमंतकीय कारागिरांनी केलेले काम तिथे पाहताना, ख्रिस्ती विषयात हिंदू हाताचे वळण कसे उतरले आहे हे लक्षात येते. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील मोंत मातेच्या कपेलाचा जीर्णोद्धार फुंदासांव ओरिएंतने केला आणि त्या वास्तूत अनेक वर्षे संगीतमहोत्सव भरत आला. चित्रकार आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद ह्यांच्या चित्रांचा संग्रह त्याच संस्थेने पणजीत सांभाळला आहे. वास्तू, मूर्ती, चित्र, संगीत: ही सारी कामे चांगली आहेत. मात्र ही नावे एका रांगेत ठेवली म्हणजे त्यांतील समान गुण नजरेत भरतो. ह्यांपैकी एकाही कलेच्या आस्वादासाठी लिस्बनहून आलेल्या पाहुण्याला इथली भाषा शिकावी लागत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की पोर्तुगालमधील संस्था पोर्तुगालशी नाते असलेल्या वारशावरच खर्च करणार, त्यात गैर काय? गैर काहीच नाही. दात्याचा हात त्याच्या स्मृतीच्या मागोमाग जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु त्या स्मृतीचा नकाशा कोणता, हे पाहिले पाहिजे. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी ह्या जुन्या काबिजादींवर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज सत्ता होती. पेडणे आणि डिचोली ह्या नव्या काबिजादी. त्या अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात त्या सत्तेखाली आल्या; पेडण्याचे साल १७८८. त्यापूर्वी शंभर वर्षे, १६८४ साली, जुन्या काबिजादींतील लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी अशी आज्ञा निघाली होती. त्या आज्ञेच्या काळात पेडणे आणि डिचोली तिच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून इथली देवळे, देवळांतील उत्सव आणि त्या उत्सवांतील मराठी वाणी अखंड राहिली. ज्या कारणामुळे इथे मराठी शब्द टिकला, त्याच कारणामुळे हा मुलूख पोर्तुगीज स्मृतीच्या नकाशात अंधुक आहे. तिथे भव्य चर्चवास्तूंची ओळ नाही, राजप्रतिनिधींचे प्रासाद नाहीत. आहेत ती देवळांसमोरची मांडवांची जागा आणि त्या मांडवात रात्रभर चालणारे बोलणे.

ह्या बोलण्याचे स्वरूप काय, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पेडणे तालुक्याची लौकिक ओळख पेडण्याच्या पुनवेने होते; परंतु त्याची कलाविषयक ओळख दशावताराने होते. तेरेखोल नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, पेडणे आणि सावंतवाडी-वेंगुर्ले ह्या पट्ट्यात, देवळाच्या जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की दशावतारी मंडळ रंगात येते. प्रथम आडदशावतार: गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्राह्मण आणि शंखासुर ह्यांची ठरलेली योजना. त्यानंतर मुख्य आख्यान, आणि पहाटे दहिकाला. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. डिचोली तालुक्यात गवळणकाला, कीर्तन, भजन आणि देवळांच्या उत्सवांत गावकऱ्यांनी उभी केलेली मराठी नाटके ह्यांची परंपरा आहे. साखळीच्या विठ्ठल मंदिरातील चैत्री आणि तिथला वीरभद्र पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. ह्या साऱ्यांत वेष आहे, नृत्य आहे, रंग आहे; तरी त्यांचा प्राण बोलण्यात आहे.

दशावताराच्या आख्यानाला संहिता नसते. खेळाच्या आधी मंडळाचे जाणते नट पुराणातील कथाभाग ठरवितात, कोणी कोणती भूमिका घ्यावी आणि प्रवेशांचा क्रम काय हे सांगतात, आणि मग जे बोलायचे ते रंगभूमीवर उभे राहूनच सुचायचे असते. एक राजा दुसऱ्यास धर्माविषयी प्रश्न टाकतो. त्याचे उत्तर समोरच्या नटाने तत्क्षणी, भूमिकेला शोभेल अशा भाषेत द्यावयाचे असते. राजा आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठी बोलतील, राणीची भाषा मृदू होईल, आणि विनोदी पात्र गावच्या बोलीत उतरेल. एकाच रात्री, एकाच कथेत भाषेच्या तीन पातळ्या सांभाळणारा हा नट बहुधा दिवसा शेतात किंवा दुकानात काम करणारा असतो. त्याला पुराणे मुखोद्गत असतात ती पोथ्या वाचून, कीर्तने ऐकून आणि मोठ्या नटांच्या शेजारी उभे राहून. समीक्षेच्या दृष्टीने पाहता ही केवळ नाट्यकला नव्हे. हे एका रात्रीपुरते निर्माण होणारे आणि पहाटे नाहीसे होणारे वाङ्मय आहे. मराठी समीक्षेने ह्याची गणना लोककलेत केली आणि त्यातील भाषेचा विचार बाजूस ठेवला. वेष, मुखवटे आणि विधी ह्यांवर लेखन झाले. परंतु एखादा नट संवाद कसा रचतो, उपमा कोठून आणतो, प्रतिपक्षाचा शब्द कसा उचलतो, ह्याचे विश्लेषण करणारे लेखन शोधावे लागते.

आता हीच कला अनुदानाच्या दारात उभी राहिली की तिचे काय होते ते पाहा. २०२३ सालापासून पेडणे तालुक्यातील मोपा येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू आहे. जग आता अक्षरशः पेडण्यात उतरते. हरमल आणि मोरजी ह्या किनाऱ्यांवर परदेशी पाहुणे अनेक वर्षांपासून महिनोन्‌महिने राहत आले आहेत. म्हणजे भेट होण्यास अंतराची अडचण उरलेली नाही. तरीही सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम म्हटला की रात्रभराच्या खेळातून वीस मिनिटे काढावी लागतात. मग काय ठेवायचे आणि काय गाळायचे? गणपतीचा प्रवेश राहतो, शंखासुराचा नाच राहतो, युद्ध राहते. गाळले जाते ते आख्यानातील संभाषण, कारण ते पाहुण्यांना कळत नाही आणि ते सांगायला वेळ नसतो. प्रेक्षक टाळ्या देतात, छायाचित्रे घेतात आणि संतुष्ट होऊन जातात. त्यांचा दोष नाही. त्यांना जे दाखविले ते त्यांनी पाहिले. परंतु ज्या नटाची सारी विद्या त्याच्या जिभेवर आहे, त्याला ह्या व्यवहारात मुकेपणाने उभे राहावे लागते. ही गोष्ट एकदा घडली तर ती तडजोड ठरते. पुन:पुन्हा घडली की तरुण नट तेवढेच शिकतो. बोलण्याची विद्या मिळविण्यास दहा-बारा वर्षे जातात. नाच दोन पावसाळ्यांत बसतो. ज्याला मान आणि मोबदला मिळतो तिकडे शिकणाऱ्याचे पाऊल वळणारच. शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. परीक्षेत जो भाग विचारला जात नाही तो विद्यार्थी सोडून देतो, हा आपला रोजचा अनुभव आहे.

आश्चर्य असे की आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या तत्त्वात मात्र शब्दाला पहिले स्थान आहे. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने २००३ साली जो करार केला आणि भारताने जो २००५ साली स्वीकारला, त्यात वारशाची क्षेत्रे सांगताना मौखिक परंपरा आणि त्या वारशाचे वाहन म्हणून भाषा ह्यांचा उल्लेख सर्वांच्या आधी केलेला आहे. प्रयोगकला, विधी, निसर्गविषयक ज्ञान आणि कारागिरी त्यानंतर येतात. तत्त्वात अग्रपूजा शब्दाची आणि व्यवहारात नैवेद्य दृश्याचा, असा हा विपरीत प्रकार आहे.

शब्द परदेशी जातच नाही, असे समजणे मात्र चुकीचे होईल. १९८५ साली फ्रान्समध्ये अव्हिन्यों येथे पीटर ब्रुक ह्यांनी महाभारताचा नऊ तासांचा प्रयोग केला. झां-क्लोद कारियेर ह्यांनी त्याची फ्रेंच संहिता लिहिली होती, अनेक देशांचे नट त्यात होते, आणि द्रौपदीच्या भूमिकेत मल्लिका साराभाई होत्या. नऊ तास परकी कथा ऐकणारा प्रेक्षक जगात आहे, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. पण त्या प्रयोगाने जी कथा नेली तिच्याबरोबर ती इथे सांगण्याच्या पद्धती गेल्या नाहीत. भाषा फ्रेंच होती आणि निर्णयही तिकडचेच होते. त्याविषयी भारतात जी टीका झाली तिचा मथितार्थ हाच होता. कथा उसनी घेणे आणि सहकार्य करणे ह्यांत अंतर आहे. उसनवारीत एक देतो आणि दुसरा वापरतो. सहकार्यात दोघांच्याही भाषांना काही सोसावे लागते आणि काही लाभते.

असे खरे सहकार्य मराठी रंगभूमीने पाहिलेले आहे. विजया मेहता आणि तत्कालीन पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ ह्यांच्या संयुक्त कार्यातून १९७० नंतरच्या दशकात ब्रेख्तचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ह्या नावाने मराठीत उभे राहिले. ते मराठीत आणले चिं. त्र्यं. खानोलकर ह्यांनी. खानोलकर वेंगुर्ल्याच्या मुलखातले, म्हणजे पेडण्याच्या शेजारचे. दशावताराच्या बोलण्याची लय ज्या मातीत आहे त्या मातीतले. जर्मन नाटकाला मराठी देह मिळाला तो एका कवीच्या भाषेमुळे, आणि जर्मन दिग्दर्शकाला मराठी नटांकडून जे मिळाले ते त्या भाषेच्या द्वाराने मिळाले. ह्या उदाहरणात अनुवाद हा शेवटी चिकटवलेला खर्च नव्हता. सारे काम अनुवादाच्या पायावर उभे होते. दोन राष्ट्रांच्या शासनांचे राजकीय हेतू त्यामागे असतीलही. परंतु ते राष्ट्र आज नकाशावर नाही आणि नाटकाची मराठी संहिता आहे. सांस्कृतिक सहकार्याचे फळ कशात मोजावे, ह्याचे उत्तर ह्या एका वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते.

गोमंतकाला तर ह्या विषयाचे ज्ञान ब्रेख्तच्या तीनशे वर्षे आधीपासूनचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापून निघाले. त्या ग्रंथामागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि राजसत्तेचे बळ होते, हे विसरता येत नाही. तो समानांचा व्यवहार नव्हता. तरीही वाङ्मयीन दृष्टीने पाहता एक गोष्ट मान्य करावी लागते. परदेशी लेखकाने इथल्या लोकांशी बोलायचे तर त्यांच्या पुराणाची भाषा, ओवीचा छंद आणि कथनाची रीत शिकली पाहिजे, हे स्टीफन्सने ओळखले, आणि त्यासाठी आयुष्य वेचले. सत्ता त्याच्या बाजूची असूनही कष्ट त्याने स्वतःकडे घेतले. आजच्या सहकार्यात सत्तेचे ते दडपण नाही, हे भाग्यच. परंतु ते कष्टही नाहीत. पंधरवड्याच्या निवासात परदेशी कलावंताने मुखवटा शिकावा, ताल शिकावा, आणि भाषेसाठी दुभाषा घ्यावा, एवढ्यावर काम भागते. ज्या राज्यव्यवस्थेत हे मराठी पुराण छापले गेले तिनेच १६८४ साली देशी भाषेवर बंदी घातली, ही घटनाही स्मरणात ठेवण्यासारखी आहे. आश्रयदात्याची मर्जी ही कलेची कायमची मिराशी नसते. मंगळूरच्या जोसेफ साल्दान्य ह्यांनी १९०७ साली ‘क्रिस्तपुराण’ पुन्हा छापले नसते तर ते वाचकांच्या हाती कसे आले असते, ह्याचाही विचार करावा.

दुसरे उदाहरण डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांचे. गोव्याच्या अभिलेखागाराची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. पोर्तुगीज दप्तरांत मराठ्यांच्या इतिहासाची जी साधने पडून होती ती त्यांनी पोर्तुगीज विद्वानांसाठी पोर्तुगीजमध्ये संपादिली आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुणे विद्यापीठाने तो १९६७ साली प्रसिद्ध केला. हे काम कोणत्याही महोत्सवात दाखविता आले नसते. त्याला दिवे लागत नाहीत, पडदा उघडत नाही. परंतु दोन भाषांच्या मध्ये बसून एका माणसाने केलेल्या ह्या कामाशिवाय पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे कशी गेली हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगणेही अवघड झाले असते.

आणि असे काम संपलेले नाही. पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथसंग्रहात सोळाव्या शतकात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातील कथांची हस्तलिखिते आहेत; त्यांत कोंकणी गद्य आहे आणि मराठी पद्यही आहे. विद्वानांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. परंतु सामान्य मराठी वाचकाला, देवनागरीत, टीपांसह, शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येईल अशी त्यांतील मराठी भागाची आवृत्ती हाती असावी, ही अपेक्षा मोठी नाही. महाभारताच्या त्या जुन्या गोमंतकीय कथनात आणि आजच्या दशावतारी नटाच्या आख्यानात कोणते शब्द, कोणत्या उपमा, कोणती वळणे समान आहेत, हे तपासणे हा दोन देशांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून करावयाचा उद्योग आहे. एका संगीतमहोत्सवाच्या तुलनेने त्याला लागणारा पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ. अनुदानांची अडचण नेमकी इथेच येते. ती पैसा देऊ शकतात. वेळ देणे त्यांना जड जाते. वर्षअखेरीस अहवालात छायाचित्र लागते, आणि कोशात मान घालून बसलेल्या माणसाचे छायाचित्र कोणाला उत्साहित करीत नाही.

ह्यावर एक व्यावहारिक आक्षेप येतो: पेडण्याची मंडळे अर्जच करीत नाहीत, मग त्यांना द्यायचे कसे? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. परदेशी निधी स्वीकारावयाचा तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक मार्ग बंद झाला. ज्या संस्थेला परदेशी निधी मिळाला तिला तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. शिवाय निधी प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो आणि व्यवस्थापनावरील खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. ह्या नियमांचा हेतू काय आणि तो साधतो की नाही, हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. पूर्वी पणजीची एखादी मोठी संस्था निधी घेऊन त्यातील काही भाग गावच्या मंडळाला देऊ शकत असे. आता ती वाट नाही. देवळाच्या उत्सवाच्या वर्गणीवर चालणारे, हिशेबाची वही खजिनदाराच्या घरी ठेवणारे नाट्यमंडळ ह्या दारातून आत येईल अशी अपेक्षा करणे म्हणजे मुंगीला समुद्र पोहून येण्यास सांगण्यासारखे आहे.

देशांतर्गत व्यवस्थेतही एक निराळी अडचण आहे. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली. त्याच कायद्यात मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद आहे. कोंकणीच्या सन्मानाने मराठीचे काही उणे होत नाही, अशीच आमची भूमिका आहे. परंतु देशाच्या पातळीवर भाषांची आणि राज्यांची जी जोडी लावली जाते तीत गोवा म्हटले की कोंकणी आणि मराठी म्हटले की महाराष्ट्र, असा हिशेब सहज होतो. गोमंतकातील मराठी शब्दकला ह्या दोन खणांच्या मधल्या फटीत पडते. महाराष्ट्राचे पथक निघाले की त्यात पेडण्याचा नट नसतो. गोव्याचे निघाले की त्यात फुगडी, घोडेमोडणी आणि समई नृत्य असते, कारण तिथे भाषेचा प्रश्नच उद्भवत नाही. पुन्हा तेच: दृश्य जाते, वाणी राहते.

मग करावे काय? अनुदाने नकोत, असे म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाही. दशावतार अनुदानाशिवाय शतके जगला, हे खरे. पण तो ज्या श्रोत्यांवर जगला ते श्रोते आता विरळ होत आहेत, आणि पुराणकथा जाणणारा मुलगा वर्गात दुर्मीळ झाला आहे. केवळ अभिमानाने तो जगणार नाही. तेव्हा सहकार्याच्या प्रत्येक प्रस्तावाला आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला: ह्यात भाषेसाठी किती खर्च ठेवला आहे? अनुवाद, लिप्यंतर, टीपा आणि दुभाष्याचे मानधन ह्यांना प्रस्तावात पहिली जागा नसेल तर ते सहकार्य डोळ्यांपुरतेच राहील. दुसरा: काय गाळायचे हे कोण ठरविणार? तो निर्णय मंडळाच्या जाणत्या नटाचा नसेल तर त्याला सहकारी न म्हणता साहित्यसामग्री म्हणावे. तिसरा: पाहुणे गेल्यावर गावात काय राहील? ध्वनिमुद्रित आख्यान, छापलेली संहिता, शिकलेला एक मुलगा, ह्यांपैकी काही तरी राहिले पाहिजे.

ह्या दृष्टीने मराठी अकादमीसारख्या संस्थेवर जी जबाबदारी येते ती मंडळांवर टाकता येणार नाही. कायद्याने निधी पुढे देता येत नसेल, तर निधी घेणाऱ्या संस्थेने कामच स्वतः हाती घ्यावे, नटांना त्यांच्या श्रमाचे मानधन द्यावे आणि परिणाम सर्वांसाठी खुला ठेवावा. आमची सूचना अगदी साधी आहे. पेडणे तालुक्यातील एका जत्रेतील एक आख्यान, गणपतीच्या प्रवेशापासून दहिकाल्यापर्यंत, एकही शब्द न गाळता ध्वनिमुद्रित करावे. ते शब्दशः उतरवून घ्यावे, कठीण संदर्भांवर टीपा द्याव्यात, आणि ज्या नटांनी ते बोलले त्यांची नावे त्यांच्या संमतीने रचनाकार म्हणून मुखपृष्ठावर छापावीत. त्यानंतर, आणि त्यानंतरच, ते पोर्तुगीजमध्ये वा इंग्रजीत न्यावे. परदेशी प्रकाशकांना भारतीय पुस्तकांच्या अनुवादासाठी नॅशनल बुक ट्रस्टचे साहाय्य उपलब्ध आहे; परंतु अनुवाद करावयाचा तर मुळात मराठी पुस्तक हवे. परदेशाशी संबंध जोडण्याच्या घाईत ही पहिली पायरी आपण चढलेलोच नाही.

डिचोली आणि पेडण्याच्या शाळांतून मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांना ह्या कामात मोठा वाटा उचलता येईल. रात्रभराचे बोलणे कागदावर उतरविण्यास ज्यांना ती बोली कळते, ज्यांना पुराणसंदर्भ ठाऊक आहेत आणि ज्यांचे शुद्धलेखन निर्दोष आहे अशी माणसे लागतात. ती लिस्बनमध्ये किंवा दिल्लीत मिळणार नाहीत, आपल्या शिक्षकवर्गातच मिळतील. वरच्या वर्गातील विद्यार्थी त्यांच्या हाताखाली बसले तर पाठ्यपुस्तकातील वेचा आणि गावच्या मांडवातील संवाद ही एकाच भाषेची दोन रूपे आहेत, हे त्यांना उपदेशावाचून उमजेल. आगामी जत्रांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. त्यापूर्वी अकादमीने एक छोटी समिती नेमून एक मंडळ आणि एक आख्यान निवडावे, आणि तिच्यात किमान दोन दशावतारी नट सदस्य म्हणून घ्यावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.